हैदराबादचा सत्याग्रह मध्येच का थांबवला?

17 सप्टेंबरला झेंडावंदन झाले की आपल्या येलदरीच्या गटांत एक प्रश्न हमखास निघतो. 1938 साली सत्याग्रह जोरात चालू होता, तर दोन महिन्यांतच मागे का घेतला? पुढारी घाबरले का? आम्हाला तसे वाटत नाही.

तेव्हा आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाच्या पाठीशी इंग्रज. सभा घ्यायची तरी परवानगी लागे. राज्यकारभारात लोकांचा हात असावा, एवढ्या मागणीसाठी स्टेट काँग्रेस निघणार होती. ती स्थापन होण्याआधीच, सप्टेंबर 1938 मध्ये, सरकारने तिच्यावर बंदी घातली. म्हणे, ही जातीय संघटना आहे! बारसे व्हायच्या आधीच बाळाला नाव ठेवण्याचा प्रकार.

ही बंदी मोडायला 24 ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांची पहिली तुकडी निघाली. पाठोपाठ स्वामी रामानंद तीर्थ गेले. आपल्या मुलींच्या बीएच्या गुणपत्रिकेवर ज्या विद्यापीठाचे नाव असते ना, तेच हे स्वामीजी. एकामागून एक तुकड्या शांतपणे तुरुंगात जात होत्या.

अडचण वेगळीच झाली. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह सुरू झाले. त्यांच्या तक्रारी धर्माच्या होत्या, पूजाअर्चा आणि धार्मिक मिरवणुकांवरच्या बंधनांच्या. त्या खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. पण स्टेट काँग्रेसची मागणी हिंदू-मुसलमान सगळ्यांसाठी होती. समजा, दारूबंदीसाठी आपल्या बाया चावडीवर बसल्या आणि शेजारीच दुसऱ्या कुणी देवळाच्या जागेसाठी मंडप टाकला. तहसीलदार म्हणणार, हे सगळे देवळाचेच भांडण. आपली दारू राहिली बाजूला. निजाम सरकारने नेमके हेच केले. सगळ्यांना एकाच मापाने मोजून बंदी बरोबरच होती, असे म्हणायला ते मोकळे झाले.

म्हणून गांधीजींनी सल्ला दिला की आपला सत्याग्रह थांबवा, म्हणजे वेगळेपणा लोकांना दिसेल. 24 डिसेंबरला तो स्थगित झाला. 1922 साली चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणे जाळले, पोलीस मेले, तेव्हाही गांधीजींनी असहकार थांबवला होता. इथे मात्र सत्याग्रहींनी दगडसुद्धा उचलला नव्हता. म्हणूनच तुरुंगात बसलेल्यांना हा निर्णय जड गेला असेल, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही.

शिवाय थांबून लगेच पदरात काही पडले नाही. आर्य समाजाचा सत्याग्रह 1939 च्या ऑगस्टपर्यंत चालला. स्टेट काँग्रेसवरची बंदी मात्र 1946 पर्यंत तशीच राहिली. स्वामीजी 1940 मध्ये वैयक्तिक सत्याग्रह करून पुन्हा तुरुंगात गेले. पुढे 1947 ला भारत स्वतंत्र झाला तरी निजाम सामील होईना, तेव्हा मोठा लढा उभा राहिला. त्याचेही पुढारी स्वामीजीच होते.