प्रतिपक्षाची बाजू

नांदेडहून भोकर आणि हिमायतनगर मागे टाकीत किनवटच्या डोंगराळ मुलखाकडे निघाले म्हणजे वाटेत इस्लापूर लागते. जवळच्या सहस्रकुंड धबधब्यामुळे ह्या गावाचे नाव प्रवाशांच्या कानावरून गेलेले असते. परंतु पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ, पूर्वेस थोड्याच अंतरावर तेलुगू मुलूख, आणि ह्या सर्वांच्या मधोमध आंध, गोंड, कोलाम व बंजारा ह्यांची वस्ती, अशी जी ह्या प्रदेशाची घडण आहे, ती धबधब्याहूनही अधिक लक्षणीय मानली पाहिजे. अशा ठिकाणी बाजाराच्या दिवशी चार भाषांच्या गर्दीत उभा राहणारा मनुष्य आपल्या घरातले मत तेच जगाचे मत, अशी समजूत फार काळ बाळगू शकत नाही. तांड्यात नायकापुढे नसाब, म्हणजे जातपंचायत, बसते तेव्हाही वादी आणि प्रतिवादी समोरासमोर असतात, आणि एकाचे म्हणणे ऐकून फैसला द्यावा असे कोणाच्या मनातही येत नाही. विरोधकाच्या तोंडासमोर आपले म्हणणे मांडण्याची ही रीत ह्या मंडळींना कोणी शिकवावी लागली नाही. ती शिकवावी लागते ती प्रायः ग्रंथ वाचलेल्यांना.

कारण ग्रंथ वाचणारा मनुष्य आपल्याला आवडतील असे ग्रंथ वाचतो, पटतील अशा व्याख्यानांना जातो, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांच्या संख्येवरून आपले मत खरे असल्याची खात्री करून घेतो. आपल्याकडील प्राचीन शास्त्रकारांना माणसाची ही खोड चांगली ठाऊक असावी. म्हणूनच सिद्धांत सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडण्याचा दंडक त्यांनी घालून दिला, आणि तो इतका कसोशीने पाळला की, ज्यांचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत अशा काही विचारवंतांची मते आपल्याला त्यांच्या विरोधकांच्याच पोथ्यांतून कळतात. चार्वाकांचे पुष्कळसे विचार असेच शिल्लक राहिले. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी केला जातो तो वाद, जिंकण्यासाठी केला जातो तो जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष मोडण्यासाठी केली जाते ती वितंडा. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर वैद्यांनी वैद्यांशी कसे बोलावे ह्याचा सविस्तर विचार आहे. ज्ञानी, न चिडणारा, मत्सर न करणारा, समजावून सांगू शकणारा व समजून घेऊ शकणारा प्रतिपक्षी लाभला तर त्याच्याशी स्नेहाने संभाषण करावे, हरण्याचे भय धरू नये आणि जिंकल्याचा डौल मिरवू नये, असे तिथे सांगितले आहे. त्याच ठिकाणी, भांडणाच्या वादात अल्पश्रुत प्रतिस्पर्ध्याला लांबलचक सूत्रपाठ ऐकवून चीत करावे, असाही एक व्यवहारी सल्ला ग्रंथकार देऊन जातो! आजच्या पुष्कळ वक्त्यांनी चरक वाचला नसला तरी त्याच्या उपदेशाचा एवढा अंश त्यांना पुरता अवगत आहे.

वाद कुठे संपतो आणि जल्प कुठे सुरू होतो, हे पाहण्यासाठी १८५७ सालच्या मुंबईकडे वळावे. विष्णुबुवा ब्रह्मचारी हे मूळचे विष्णु भिकाजी गोखले. काही काळ सरकारी नोकरी करून पुढे विरक्त झालेला हा मनुष्य त्या वर्षी जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद करीत असे. ऐकणाऱ्यांची तोबा गर्दी लोटत असे. मिशनऱ्यांच्या बाजूने जॉर्ज बोएन ह्यांनी त्या वादांचा वृत्तांत इंग्रजीत त्याच साली छापला. बुवांच्या बाजूचा मराठी वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर, १८७२ मध्ये, बाहेर आला. एकाच वादाच्या अशा दोन कैफियती झाल्या, आणि दोहोंवर मिळून सही करील असा पंच कोणी नव्हता. किनाऱ्यावरच्या त्या गर्दीपुढे कोणी कोणाचे मत बदलले असेल, असे मला वाटत नाही. तरीसुद्धा हे वाद निष्फळ गेले असे म्हणण्यास मन धजत नाही. कारण परधर्मीयाचा प्रश्न समोर उभा ठाकल्यावर ‘आमच्या वाडवडिलांपासून असे चालत आले आहे’ हे उत्तर चालत नाही, युक्तिवादच करावा लागतो. पुढे दोन वर्षांनी बुवांनी ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ सिद्ध केला, आणि १८६७ साली तर, सर्व संपत्ती समाईक असावी अशी कल्पना मांडणारा ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून आपल्याच अनुयायांना कोड्यात टाकले.

टिळक आणि आगरकर ह्यांची गोष्ट सर्वपरिचित असल्यामुळे तिचा विस्तार करीत नाही. डेक्कन कॉलेजात सुरू झालेले त्यांचे वाद १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांतही थांबले नाहीत. पुढे आगरकरांनी ‘केसरी’ सोडला व १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. माझे मत असे की, एका छताखाली असताना प्रत्येकाचा लेख दुसऱ्याच्या आक्षेपातून निभावून बाहेर पडत असे, आणि वेगळे झाल्यावर तो केवळ आपल्या वाचकांच्या पसंतीस उतरला की पुरत असे. दोघांची लेखणी त्यानंतर अधिक तेजस्वी झाली, ह्यात शंका नाही; अधिक न्यायी झाली काय, ह्याबद्दल मात्र मतभेद होऊ शकतो.

मराठवाड्यात असा उघड वाद करण्याची सोय मुळात नव्हतीच. निजामाच्या राजवटीत ‘गश्ती निशान ५३’ ह्या नावाचा जो फतवा लागू होता, त्याप्रमाणे सार्वजनिक सभा भरवायची म्हणजे आगाऊ परवानगी घ्यावी लागे, आणि ती देणे न देणे अंमलदाराच्या मर्जीवर असे. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये स्थापन होऊ घातलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्मतःच बंदी आली. ज्या समाजात मत बोलून दाखविणे हाच गुन्हा ठरतो, तिथे विरोधकाशी वाद घालण्याची कला वाढत नाही; तिथे वाढतात कुजबूज आणि निष्ठा. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हा जाच संपला आणि एक संपूर्ण प्रदेश एकाएकी बोलका झाला. त्या वेळी सोळा वर्षांचा असलेला एक मुलगा पुढे नांदेडमध्ये राहून ह्या बोलकेपणाला शिस्त लावणार होता.

नरहर कुरुंदकर ह्यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. इंटरच्या परीक्षेत ते वारंवार अनुत्तीर्ण झाले, शाळेत शिक्षक म्हणून राहिले, आणि अखेरीस स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने १९५० मध्ये उभ्या राहिलेल्या नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. परीक्षकांचे मत आणि विद्वत्ता ह्यांचा संबंध किती सैल असतो, ह्याचा हा बोलका पुरावा. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेले, समाजवादी, नास्तिक असे हे गृहस्थ. परंतु त्यांची खरी ओळख त्यांच्या मतांत नसून मते मांडण्याच्या पद्धतीत आहे. ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे ते आधी इतक्या नेटकेपणाने मांडीत की, त्या पक्षाच्या अनुयायाला वाटावे, आपल्या पुढाऱ्यालाही हे असे सांगता आले नसते. आणि मग त्याच मांडणीतून एकेक विसंगती काढून दाखवीत. वकील उलटतपासणीत साक्षीदाराचा जबाब त्याच्याच शब्दांत त्याला ऐकवितो, तसा तो प्रकार असे; मात्र इथे साक्षीदाराला जबाब सुधारण्याची मुभाही होती.

ह्या पद्धतीची कठोर बाजू अशी की, ती आपल्या माणसांनाही सोडीत नाही. ‘शिवरात्र’ मधील लेखांत कुरुंदकरांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांची झडती घेतली, तर ‘जागर’ मध्ये इस्लाम आणि धर्मनिरपेक्षता ह्यांविषयी असे प्रश्न विचारले की, पुरोगामी मित्रांना ते अवघड वाटले. परंपराभिमानी श्रोत्यांपुढे मनुस्मृतीवर बोलताना तिच्या समर्थनार्थ केले जाणारे युक्तिवाद ते टाळीत नसत. ते पुढे ओढून घेत. हमीद दलवाईंशी त्यांचे जे जुळले, त्याचेही मर्म इथेच असावे. १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेणारे आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापणारे दलवाई हेसुद्धा टाळ्या देणाऱ्या परक्या गर्दीपेक्षा शिव्या देणाऱ्या आपल्याच जमातीपुढे उभे राहणे पसंत करणारे होते. ललित वाङ्मयातही कुरुंदकरांचा हाच शिरस्ता. रणजित देसाई ह्यांच्या ‘श्रीमान योगी’ ला त्यांची जी पत्ररूप प्रस्तावना आहे, तीत कौतुकाची रीत सांभाळण्यापेक्षा शिवचरित्राविषयीच्या रूढ समजुती तपासून पाहण्यावर भर आहे. असे पत्र आपल्या ग्रंथाच्या दाराशी छापू देणारा लेखकही तितकाच दाद देण्याजोगा.

अर्थात कुरुंदकरांसारख्या वक्त्याच्या बाबतीत एक धोका राहतोच. वाणी इतकी प्रभावी असली की ऐकणारा युक्तिवादाला शरण गेला की वक्तृत्वाला, हे त्याचे त्यालाही कळत नाही, आणि प्रतिपक्षाची बाजू स्वतःच सुंदर मांडून दाखविणारा वक्ता प्रत्यक्ष प्रतिपक्षी तिथे हजर असण्याची गरज जणू नाहीशी करतो. डार्विन आपल्या सिद्धांताला प्रतिकूल असे काही आढळले की ते तत्काळ टिपून ठेवी. अनुकूल गोष्टी लक्षात राहतात आणि प्रतिकूल विसरतात, असे त्याने स्वतःविषयी नमूद केले आहे. परंतु निसर्गातील प्रतिकूल वस्तुस्थिती स्वतः बोलत नाही, म्हणून शास्त्रज्ञाला तिची वकिली करावी लागते. माणसाला तोंड असते. त्याची वकिली परस्पर करण्यापेक्षा त्याला बोलू द्यावे, हे बरे. आणि त्याला बोलणे परवडेल अशी परिस्थिती हवी. सालदाराने मालकाशी, किंवा लाकूडफाटा आणणाऱ्या कोलामाने जंगलखात्याच्या नाकेदाराशी वाद घालून आपले मत पडताळून पाहावे, असे सांगणे ही थट्टा होईल.

ह्या गोष्टीचा दाखला इस्लापूरपासून दूर शोधावा लागत नाही. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्यातील गोंडांच्या जमिनी आणि जंगल ह्यांविषयीच्या तक्रारी वर्षानुवर्षे सरकारदरबारी पडून होत्या. अर्ज होत, जाब मिळत नसे. १९४० साली जोडेघाट येथे गोंडांचा पुढारी कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, आणि त्यानंतर सरकारला ह्या लोकांचे म्हणणे तरी काय आहे, हे जाणून घ्यावेसे वाटले. हाइमेनडॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञाला चौकशीचे काम मिळाले. त्याने पाहणी करता करता गोंड शिक्षक तयार करण्याची खटपट मार्लवाई येथे सुरू केली, कारण ज्या फिर्यादीची भाषा दप्तरातल्या एकाही कारकुनाला येत नाही, तिचा निवाडा होणार कसा? ह्याच जिल्ह्यात अंमलदार म्हणून आलेले सेतुमाधवराव पगडी हे निलंग्याचे. फारसी दस्तऐवजांवरून मराठ्यांचा इतिहास सांगणारे म्हणून त्यांना महाराष्ट्र ओळखतो. परंतु आदिलाबादेत असताना त्यांनी गोंडी शिकून घेतली, कोलामीकडेही लक्ष दिले, आणि गोंडी भाषेचे व्याकरण लिहिले.