पार्सलने आलेली अंडी का उबत नाहीत?

- प्रतिनिधी

घराच्या गच्चीवर किंवा गावाकडील अंगणात देशी कोंबड्या पाळण्याची हौस असणारे आता अंडी परगावाहून मागवितात आणि घरातील लहानशा इन्क्युबेटरमध्ये ती उबवितात. मागणी अर्थातच कडकनाथला अधिक. मध्य प्रदेशातील झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने तिचे नाव घरोघरी पोहोचले. तिची अंडी मात्र काळी नसतात. ती फिकट तपकिरी किंवा मळकट पांढरी असतात. काळ्या कवचाच्या अंड्यांचे छायाचित्र दाखवून कोणी कडकनाथची अंडी विकत असेल, तर व्यवहार तेथेच थांबविलेला बरा.

खरी निराशा एकविसाव्या दिवशी पदरी पडते. चोवीस अंडी ठेवावीत आणि पाच-सहाच पिल्ले निघावीत, हा अनुभव अपवादात्मक नाही. मग विक्रेत्याने फसविले किंवा यंत्र सदोष आहे, असा निष्कर्ष काढला जातो. कडकनाथपालनाच्या नावाखाली फसवणूक झाल्याच्या तक्रारी २०१९ मध्ये सांगली, कोल्हापूर भागात पोलिसांत दाखल झाल्या होत्या. त्यामुळे संशय घेणाऱ्यांनाही दोष देता येत नाही. परंतु पार्सलने आलेल्या अंड्यांचे भवितव्य बरेचदा यंत्रात ठेवण्यापूर्वी, प्रवासातच ठरलेले असते. दोष नेमका कोठे होता, हे न उबलेले अंडेच सांगते. ते वाचता मात्र आले पाहिजे.

फलित अंडे कोंबडीच्या पोटातून बाहेर पडते तेव्हा त्यात गर्भाची वाढ सुरू झालेली असते. अंडे थंड झाले की ही वाढ थांबते आणि पुन्हा ऊब मिळेपर्यंत गर्भ जणू निद्रिस्त राहतो. गावाकडची आजी आठवडाभर अंडी साठवून मग खुडुक कोंबडी रवणीला बसवीत असे, ती याच गुणाच्या भरवशावर. उबवणुकीची अंडी पंधरा ते अठरा अंश सेल्सिअसला साठविली, तर आठवडाभर चांगली राहतात. त्यानंतर उबवणक्षमता दिवसागणिक घटत जाते. घरातील फ्रिज यासाठी योग्य नाही, तो फार थंड असतो.

आपल्याकडील अडचण येथेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत बसच्या टपावर किंवा कुरिअरच्या बंद गाडीत तापमान सहज चाळिशी ओलांडते. उबवणुकीला साडेसदतीस अंश लागतात. त्याहून कमी, पण झोपेतून उठविण्याइतपत ऊब मिळाली, की गर्भ अर्धवट जागा होतो. त्याची वाढ वेडीवाकडी सुरू होते, रात्री गारवा आला की थांबते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते. अशा दोन दिवसांनंतर अंडे हाती येते तेव्हा कवचावर साधा ओरखडाही नसतो, मात्र आतील जीव एक तर गेलेला असतो किंवा दुबळा झालेला असतो. अंडी मागवायची असतील तर हिवाळ्यात मागवावीत, हा सल्ला म्हणूनच कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा मोलाचा आहे.

दुसरा शत्रू म्हणजे हादरे. अंड्याच्या बोथट टोकाशी दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवेची पोकळी असते. एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू पहिला श्वास घेते ते याच वायुकोषात. सततच्या धक्क्यांनी आतला पापुद्रा सुटतो आणि हवेचा बुडबुडा अंडे फिरविले की आत इकडून तिकडे सरकू लागतो. अंधाऱ्या खोलीत बोथट टोकाला विजेरी लावली की हे स्पष्ट दिसते. अंडी आल्याबरोबर यंत्रात घालण्याचा मोह आवरून ती बोथट टोक वर करून बारा ते चोवीस तास खोलीतील गारव्यात तशीच ठेवावीत. वायुकोष किंचित सुटलेला असल्यास बरेचदा तो स्थिरावतो. अगदीच सैल झालेली अंडी आडवी न ठेवता ट्रेमध्ये उभीच ठेवून फक्त एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलती करावीत. अंडी धुऊ मात्र नयेत. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवरील नैसर्गिक लेप धुतला गेला, की जंतूंना वाट मोकळी होते.

पुढचे काम यंत्राचे. पंखा असलेल्या यंत्रात साडेसदतीस अंश; पंखा नसलेल्या थर्मोकोलच्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीवर एखादा अंश अधिक. यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये, वेगळा थर्मामीटर आत ठेवावा. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत, त्यानंतर हात लावू नये. वीज गेली तर झाकण न उघडता पेटीवर जाड चादर टाकावी. काही तासांच्या खंडाने सर्व काही संपत नाही.

आर्द्रतेबाबत मात्र छापील सूचनांचा घोळ होतो. पहिले अठरा दिवस पन्नास-साठ टक्के आणि शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर टक्के, हे प्रमाण पुस्तकी झाले. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तेवढ्यासाठी पाण्याची भांडी सतत भरावी लागतात, तर पावसाळ्यातील मुंबई-कोकणात पाणी ठेवण्याची गरजच नसते. सरळ उपाय म्हणजे स्वयंपाकघरातील वजनकाटा. उबवणीच्या काळात अंड्याचे वजन बारा-तेरा टक्के घटले पाहिजे. म्हणजे पन्नास ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी साधारण चव्वेचाळीस ग्रॅमवर यावे. फारच कमी घट झाली, तर वायुकोष लहान राहतो आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच गुदमरते.

सातव्या दिवशी विजेरीच्या प्रकाशात अंडी पाहिली की पहिला निकाल हाती येतो. लाल शिरांचे जाळे आणि मधोमध हलणारा ठिपका दिसला तर गर्भ जिवंत. लाल कडे दिसले तर गर्भ वाढू लागून मेला. पहिल्या आठवड्यातील असे मृत्यू एकदम बरेच दिसले, तर प्रवासातील उष्णता किंवा लांबलेली साठवण यांच्याकडे आधी पाहावे. यंत्राचे तापमान चुकले असल्यासही हे घडते, म्हणून वेगळा थर्मामीटर. अंडे स्वच्छ, रिकामे दिसले की ‘नर नसलेल्या कळपातील अंडी पाठविली’ असा आरोप होतो. तो करण्यापूर्वी अंडे बशीत फोडून पाहावे. पिवळ्या बलकावरील पांढरा ठिपका लहान आणि वेडावाकडा असेल तर अंडे फलितच नव्हते. तो पसरून गोल चकतीसारखा झालेला असेल, तर ते फलित होते आणि गर्भ अगदी सुरुवातीला दगावला. पहिल्या प्रकारात विक्रेत्याला जाब विचारता येतो. दुसऱ्यात वाहतुकीचा प्रश्न आहे. पूर्ण वाढ होऊन शेवटच्या तीन दिवसांत पिल्ले मेली असतील, तर बहुधा दोष आपल्या आर्द्रतेचा, हवेशीरपणाचा किंवा वारंवार झाकण उघडण्याचा.

शेवटच्या टप्प्यावर माणसाची दया घातक ठरते. कवचाला पहिली चीर पडल्यानंतर पिल्लू बाहेर येण्यास बारा ते चोवीस तास, कधी अधिक लागतात. या वेळात ते स्वस्थ दिसते, पण उरलेला बलक पोटात ओढून घेण्याचे आणि पापुद्र्यातील रक्त आटविण्याचे काम चालू असते. मदत म्हणून कवच सोलणारे हात त्या रक्तवाहिन्याच तोडतात. झाकण उघडल्याने आर्द्रता घसरते आणि वाळलेला पापुद्रा इतर पिल्लांनाही आवळून टाकतो. बाहेर आलेले पिल्लू पोटातील बलकावर दोन दिवस तरी अन्नपाण्याविना तग धरते, तेव्हा पिसे वाळेपर्यंत त्याला आतच राहू द्यावे.

हिशेबही आधीच मांडलेला बरा. प्रवास करून आलेल्या चोवीस अंड्यांतून निम्मी पिल्ले निघाली तर उबवणी चांगली झाली असे समजतात. त्या बारांत सहा नर. पहिल्या काही आठवड्यांतील मरतूक धरली तर चार-पाच तलंगा हाती लागतात आणि पहाटे आरवणाऱ्या कोंबड्यांचे काय करायचे, हा प्रश्न गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत जातो. शिवाय साल्मोनेलाचे काही प्रकार अंड्यातूनच पिल्लात उतरतात, म्हणून अनोळखी कळपातील अंडी मागविणे म्हणजे त्या कळपाचे आजारही मागविणे ठरू शकते. पुण्यात आणि राज्यात अन्यत्र पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. स्वतः जाऊन, मांडीवर खोका ठेवून अंडी आणता येत असतील तर निम्म्या अडचणी वाटेतच टळतात. ज्यांना उबवणीपेक्षा कोंबड्याच हव्या आहेत, त्यांनी एक दिवसाची लसीकरण केलेली पिल्ले घ्यावीत.

उबवणीचीच हौस असेल, तर प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने आगमनाची तारीख आणि वजन लिहावे. तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी टाकून देण्यापूर्वी ती एकेक करून, शक्यतो उघड्यावर आणि नाकाला रुमाल बांधून, फोडून पाहावीत.