हिरवळीचे लाड आणि हाल

बंगल्यापुढे किंवा रो-हाउसच्या मागे चार हात जागेत लॉन असावं, ही हौस आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोर, उरुळी कांचन भागातल्या नर्सऱ्यांतून गवताचे तयार तुकडे टेम्पोत भरून निघतात आणि दुसऱ्या दिवशी दारात हिरवागार गालिचा अंथरलेला असतो. वर्ष सरतं न सरतं तोच त्याला टकलं पडू लागतात. मग माळी बदलतो, खत बदलतं, कधी गवताची जातही बदलते. बदलायच्या राहतात त्या आपल्या समजुती. माझं स्पष्ट मत असं की आपल्याकडचं लॉन हयगयीने जितकं मरतं, त्याहून जास्त लाडाने मरतं.

कारण हे गवत मुळात नाजूक नाहीच. ‘सिलेक्शन वन’ म्हणून जे विकलं जातं ती हरळीचीच निवडक जात. हरळी म्हणजे गणपतीची दूर्वा, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. शेतकऱ्याला विचाराल तर तो हिच्या नावाने बोटं मोडेल. नांगरटीनंतर हिच्या काशा वेचून बांधावर टाकल्या, तरी पहिल्या पावसात ती तिथून हातपाय पसरते. ‘मेक्सिकन’ म्हणून मिळणारं बारीक, मऊ, उशीसारखं फुगणारं गवत बहुतेक वेळा झॉयशिया असतं, आणि त्याचा मेक्सिकोशी काही संबंध नाही; ते पूर्व आशियाकडचं. दोघांनाही लख्ख ऊन लागतं, निचरा होणारी जमीन लागते, आणि वर्षातून काही आठवडे आपल्याला त्यांना एकटं सोडावं लागतं.

‘थंडीत लॉन मेलं’

डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिककडे हा प्रश्न हमखास येतो. दिवाळीपर्यंत हिरवं असलेलं गवत पेंढ्याच्या रंगाचं होतं आणि घरात धावपळ सुरू होते. वस्तुस्थिती एवढीच की हरळी ही उष्ण हवामानातली वनस्पती आहे. रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास घुटमळू लागलं की ती वाढ थांबवते, पात्यांतला हिरवा रंग सोडते आणि शिल्लक जमिनीलगतच्या खोडांत ठेवून झोपी जाते. मुंबईत, कोकणात, गोव्यात रात्री इतक्या गार होत नाहीत, म्हणून तिथे हा प्रकार फारसा दिसत नाही.

मेलं की झोपलं, हे ओळखणं सोपं आहे. जमिनीला चिकटून धावणारी एखादी कांडी उचलून नखाने खरवडा. आत ओलसर, पांढरट-हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. तपकिरी, पोकळ निघाली आणि चुरली तर मेली. झोपलेल्या गवताला या दिवसांत युरिया घालणं म्हणजे खत वाया घालवणं. पाणी रोज घातलं तर गवत जागं होत नाही, बुरशी मात्र होते. आठ-दहा दिवसांनी एकदा मुळांपुरती ओल पुरते. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागलं की पोपटी कोंब आपोआप फुटतात.

याच काळात काही जण ऑनलाइन ‘विदेशी लॉनचं बियाणं’ मागवतात. पाकिटावरच्या फोटोतलं गवत बहुधा रायग्रास किंवा फेस्क्यू असतं, म्हणजे थंड प्रदेशातलं. नोव्हेंबरात पेरलं की ते झकास उगवतं आणि शेजाऱ्यांना हेवा वाटतो. एप्रिलचं ऊन लागलं की सगळं साफ. उत्तरेतल्या काही गोल्फ मैदानांवर हिवाळ्यापुरतं रायग्रास मुद्दाम पेरतात, पण ते उन्हाळ्यात जाणार हे तिथे गृहीत धरलेलं असतं.

‘रोज सकाळ-संध्याकाळ पाणी’

सगळ्यात महागडा गैरसमज हाच, म्हणून इथे जरा थांबू. माळ्याला विचारावं, “काका, पाणी किती घालता?” उत्तर ठरलेलं: “दोन टाइम, साहेब.” नळीच्या तोंडावर अंगठा धरून पाच मिनिटं फवारा मारला की पाती चमकतात, बघणाऱ्याला समाधान वाटतं, आणि खाली बोटभर माती खणली तर कोरडीठाक. वरच्या वर ओल मिळत राहिली की मुळंही वरच राहतात. मग मे महिन्यात दोन दिवस पाणी आलं नाही की हेच लाडावलेलं गवत सगळ्यांत आधी करपतं.

उन्हाळ्यात हरळीला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी पुरतं, आणि तेही दोन-तीन वेळांत विभागून. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस फुटांचं लॉन ९३ चौरस मीटर भरतं. म्हणजे आठवड्याला सुमारे २,३०० लिटर आणि महिन्याला दहा हजार लिटरचा जवळपास एक टँकर. स्प्रिंकलर असेल तर त्याखाली सरळ कडांचा रिकामा डबा ठेवून किती वेळात किती पाणी साचतं ते एकदा मोजावं. पुढे अंदाजाने भागतं. पाणी देऊन झालं की लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत दाबून बघावा. वीतभर अलगद गेला तर ओल खोलवर पोचली. आणि पुन्हा कधी द्यायचं? लॉनवरून चालत जा आणि मागे वळून बघा. पाती लगेच उभी राहिली तर आज गरज नाही. पावलांचे ठसे तसेच राहिले तर उद्या पहाटे द्या.

पहाटेच का, याबद्दलही एक लोकप्रिय कथा आहे: दुपारी पाणी घातलं की थेंब भिंगाचं काम करतात आणि पानं भाजतात. हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. गुळगुळीत पानावर बसलेल्या थेंबाने पान भाजत नाही. लव असलेल्या पानांवर, थेंब पृष्ठभागापासून वर तोलला गेला तरच ती शक्यता उरते. दुपारचं पाणी टाळायचं ते वाफ होऊन वाया जातं म्हणून. संध्याकाळी उशिरा घातलं तर पाती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

आपल्याकडे या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. २०१६ च्या दुष्काळात मैदानांवर ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवावे लागले. खेळाच्या मैदानाला जो प्रश्न विचारला गेला, तो बंगल्यातल्या लॉनलाही लागू आहेच. सोसायटीत सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प असेल तर तेच पाणी वापरावं. नसेल आणि टंचाई असेल, तर एप्रिल-मेमध्ये गवत पिवळं पडू द्यावं. आधीपासून मुळं खोल गेलेली हरळी दुष्काळातही थंडीसारखीच झोपते आणि मृगाच्या सरींनी उठते. मेक्सिकन मात्र इतकं सोशीक नाही. टँकरच्या भरवशावर राहणाऱ्या गावात हजारो फुटांचं लॉन लावणं मला तरी पटत नाही. दहा बाय दहाच्या तुकड्यातही चार खुर्च्या मावतात.

‘बारीक कापलं की महिनाभर बघायला नको’

केशकर्तनालयाचा हा हिशेब गवताला लागत नाही. पानांत अन्न तयार होतं, त्यावर मुळं जगतात. एकदम तळातून कापलं की मुळांची वाढ खुंटते, उघड्या पडलेल्या जमिनीवर ऊन पोचतं आणि तणाचं बी रुजतं. नियम साधा आहे: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. चार सेंटिमीटर ठेवायचं असेल तर सहा झालं की कापा. महिनाभर गावाला जाऊन आलात आणि गवत वीतभर वाढलं असेल, तर चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत खाली आणा. कापल्याच्या दुसऱ्या दिवशी पात्यांची टोकं पांढरट, चिरफाळलेली दिसली तर दोष गवताचा नाही, मशीनच्या पात्याला धार नाही.

कापलेलं गवत उचलून कचऱ्यात टाकलंच पाहिजे, असंही नाही. त्यात बहुतांश पाणीच असतं. बारीक कापलेले तुकडे काही दिवसांत कुजतात आणि त्यातला नत्र जमिनीला परत मिळतो. लॉनच्या बुडाशी जो काथ्यासारखा थर साचतो तो या तुकड्यांचा नसतो. तो हळूहळू कुजणाऱ्या खोडांचा आणि मुळांचा असतो, आणि अतिखताने वाढतो. लांब गवताचे ओले पुंजके पडले असतील तर मात्र उचला, खालचं गवत पिवळं पडतं.

पावसाळ्यात लॉन स्वतःची काळजी घेतं, हाही भ्रमच. खरं काम याच चार महिन्यांत असतं. दर आठवड्याला कापणी, आणि तीही उघडीप बघून. ओल्या जमिनीवर मशीन फिरवलं की चाकोऱ्या उमटतात. काळ्या मातीवर थेट लॉन लावलं असेल तर पाणी तुंबतं आणि शेवाळ धरतं. उतार आणि निचरा मे महिन्यातच बघायला हवा होता. नवं लॉन लावायला, टकलं भरायला जून-जुलैसारखा मुहूर्त नाही.

‘शेणखत कितीही घाला, नैसर्गिकच आहे’

पूर्ण कुजलेलं शेणखत उत्तम. पण अर्धकच्चं शेणखत म्हणजे तणाच्या बियांची पेरणी, आणि कधीकधी हुमणीलाही घर. हुमणी ऊसवाल्यांना चांगली माहीत आहे. वळवाचा पाऊस झाला की तपकिरी भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंब, बाभळीवर जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. पावसाळ्यात त्यांच्या अळ्या मुळं कुरतडतात. सप्टेंबरात लॉनचा एखादा भाग पाणी असूनही सुकला, मुठीत धरून ओढल्यावर मुळांशिवाय सहज वर आला, आणि साळुंक्या तिथेच चोच मारत बसल्या असतील, तर खणून बघा: इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या सापडतील. मे-जूनमध्ये झाडं हलवून भुंगेरे गोळा करणं आणि मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी जमिनीत देणं, हे उपाय घरच्या लॉनलाही चालतात. मातीवर दिसणारे गांडुळाच्या विष्ठेचे बारीक ढिगारे मात्र शुभ समजा.

युरियाचं उलटं. त्यात ४६ टक्के नत्र असतो, म्हणून चौरस मीटरला दहा ग्रॅम पुरे. हजार चौरस फुटांना एका वेळी किलोसुद्धा लागत नाही. दवाने भिजलेल्या पात्यांवर मुठीने फेकला की जिथे मूठ उघडली तिथेच करपलेले डाग पडतात. कोरड्या पात्यांवर सारखा पसरून लगेच पाणी द्या, आणि गवत वाढीला लागलं असतानाच द्या.

लव्हाळ्याबद्दल एवढंच: तो गवत नव्हे. त्याचं खोड बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागतात. जमिनीत गाठींची साखळी असते; वरून उपटलं की गाठ खालीच राहते आणि नवा कोंब येतो. तुकोबांनी त्याच्या चिवटपणाची साक्ष काढली ती उगीच नाही. मीठ ओतून तो मरण्याआधी जमीन मरते. कोवळा असताना खुरप्याने गाठीसकट काढत राहणं आणि लॉन दाट, थोडं उंच ठेवणं हाच उपाय, कारण त्याला सावली सोसत नाही. तो बहुतेकदा लाल मातीच्या ट्रॉलीतून आलेला असतो. माती पसरण्याआधी चाळून घ्यावी.

आंब्याखाली हरळी लावून दरवर्षी पैसे घालवणारी मंडळी मी बघतो. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तिथे ती विरळ होणारच. तिथे रुंद पानांचं सावलीतलं गवत लावा, नाहीतर फरशी टाकून झोपाळा बांधा. जड रोलर फिरवून लॉन सपाट होत नाही, माती मात्र घट्ट होते. खड्डे चाळलेली माती थोडी थोडी टाकूनच भरतात. आखूड कापलेल्या लॉनमुळे साप येत नाहीत. ते येतात उंदरांसाठी आणि विटांच्या ढिगात लपायला. प्लॅस्टिकच्या गवताला पाणी लागत नाही हे खरं, पण भर उन्हात ते साठ अंशांच्या वर तापतं, तेव्हा त्यावर मुलांना अनवाणी सोडू नका.

अनवाणी चालण्यावरून आठवलं. दवावर चाललं की चष्म्याचा नंबर जातो, ही समजूत घरोघरी आहे. नंबर ठरतो तो नेत्रगोलाच्या लांबीवर आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या वक्रतेवर. तळव्यांच्या गारव्याने त्यात फरक पडत नाही. सकाळचं चालणं, उघडी हवा, डोळ्यांना लांबवर बघायला मिळणं, हे फायदे आहेतच, ते त्या नावाने घ्यावेत. मधुमेहाने पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र अनवाणी जाऊच नये. काच रुतलेलीही कळत नाही. आणि पात्याच्या अगदी टोकावर जो एकच टपोरा थेंब असतो, तो बहुधा दवाचा नसतोच. मुळांनी रात्री ओढलेलं जास्तीचं पाणी पातं टोकातून बाहेर टाकतं. दव पसरतं ते पात्याच्या साऱ्या अंगावर.

श्रावण अर्धा सरला की लॉनची एखादी कड दोन-तीन आठवडे न कापता सोडावी. आखूड ठेवलेल्या गवतात पूजेला हवी तशी तीन पानांची कोवळी दूर्वा मिळत नाही. मोकळ्या सोडलेल्या कडेला ती भरपूर मिळते, आणि गणपतीच्या सकाळी आळीतले अर्धे लोक तुमच्या फाटकाशी असतात. त्या कडेवर तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेलं असेल तर दूर्वा कुणाला देऊ नका आणि कारणही सांगा. आणि पुढच्या वर्षापासून ती कड फवारणीतून वगळा.