किरणोपचारात लढवय्या पेशींचे काय होते?

कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याहून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात रोज किरणोपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाच्या फाइलमध्ये रक्ततपासणीचे कागद वाढत जातात. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगासाठी साधारण ३० ते ३५ वेळा किरण द्यावे लागतात. त्यात सहा-सात आठवडे जातात आणि या काळात बहुतेकांच्या अहवालातील एक आकडा सतत उतरत राहतो. तो आकडा असतो लिम्फोसाइटचा, म्हणजे पांढऱ्या पेशींमधील एका प्रकाराचा. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात या पेशी साधारणपणे १,००० ते ४,००० असतात. किरणांच्या जोडीला किमोथेरपीही असेल, तर ही संख्या ५०० च्या खाली गेलेली दिसणे नवलाचे नाही.

लिम्फोसाइट म्हणजेच कर्करोगाच्या पेशी हुडकून मारणाऱ्या टी-पेशींचे कूळ, हे नातेवाइकांपैकी कोणाच्या तरी वाचनात येते आणि घरात प्रश्न उभा राहतो: रुग्ण ज्याला 'लाइट घेणे' म्हणतात, त्याने आजार मरतो आहे की आजाराशी लढणारे सैन्य? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र सरळ नाही, कारण किरण या पेशींना मारतात आणि काही वेळा त्यांना जागेही करतात.

आधी मारण्याविषयी. १९०६ मध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी एक नियम मांडला. ज्या पेशी वेगाने विभाजित होतात, त्यांना किरणांची इजा अधिक होते, असा त्याचा आशय होता. कर्करोगावर किरण उपयोगी पडतात, याचे एक स्पष्टीकरण या नियमात मिळते. लिम्फोसाइट या नियमाला न जुमानणारी पेशी आहे. रक्तातून फिरताना ती बहुधा विभाजित होत नसते, तरीही शरीरातील सर्वाधिक किरणसंवेदी पेशींमध्ये तिची गणना होते. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक ग्रे मात्रेने पेशीतील डीएनएच्या दोन्ही धाग्यांना सुमारे ४० ठिकाणी तडे जातात. इतर अनेक पेशी हे तडे सांधत बसतात, लिम्फोसाइट मात्र दुरुस्तीच्या फंदात फारशी पडत नाही, स्वतःचा शेवट करून घेते. प्रयोगशाळेत दीड-दोन ग्रे इतक्या मात्रेने यांतील निम्म्या पेशी संपतात. रुग्णाला एका दिवशी दिली जाणारी मात्रा साधारण दोन ग्रेच असते.

पण किरण तर केवळ गाठीवर सोडलेले असतात, मग साऱ्या शरीरातील पेशी कमी का व्हाव्यात? कारण रक्त एका जागी थांबत नाही. विश्रांतीच्या स्थितीत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर, म्हणजे जवळजवळ सगळेच रक्त, फिरवते. यंत्र काही मिनिटे चालू असताना त्या झोतातून जे रक्त वाहून जाते, त्याला थोडी मात्रा मिळते, आणि दुसऱ्या दिवशी झोतात येणारे रक्त वेगळे असते. मेंदूतील ग्लिओब्लास्टोमा या कर्करोगासाठी ३० दिवसांत ६० ग्रे देण्याच्या प्रचलित पद्धतीचे गणित अमेरिकी संशोधकांनी २०१३ मध्ये मांडले. पहिल्या दिवशी रक्ताच्या केवळ ५ टक्के भागाला अर्धा ग्रे वा अधिक मात्रा मिळते. तिसाव्या दिवसाअखेर हे प्रमाण ९९ टक्क्यांवर जाते. उपचार डोक्यापुरता असूनही अखेरीस जवळजवळ सर्व रक्त त्या झोतातून गेलेले असते.

आता दुसरी बाजू. किरणांनी मरणारी कर्करोगाची पेशी निमूटपणे मरत नाही. तिच्या आतील प्रथिने आणि डीएनएचे तुकडे बाहेर पडतात, संकटसूचक रसायने पाझरतात. डेंड्रायटिक पेशी हे अवशेष उचलून जवळच्या लसिकाग्रंथींमध्ये नेतात आणि तिथल्या टी-पेशींना शत्रूची ओळख पटवून देतात. लस टोचल्यावर शरीरात जे घडते, त्याच्याशी याचे बरेच साम्य आहे. क्वचित याचा परिणाम झोतापासून दूर असलेल्या गाठींवरही होतो. १९५३ मध्ये मोल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याला 'ॲबस्कोपल' परिणाम असे नाव दिले. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मेलानोमाच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. इपिलिमुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध चालू असताना त्याच्या मणक्याजवळच्या गाठीला किरण दिले गेले आणि प्लीहेतील, तसेच अन्यत्रच्या गाठीही आकसल्या. अशी उदाहरणे विरळा आहेत, त्यांवर विसंबून कोणी उपचार ठरवू नये.

एकच उपचार या पेशींना शिकवतो आणि मारतो, तेव्हा सारा प्रश्न वेळेचा होतो. फुप्फुसाच्या कर्करोगाने हे स्पष्टपणे दाखवले. शस्त्रक्रिया करता न येणाऱ्या तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांना किरण व किमो पूर्ण झाल्यानंतर दुर्वालुमॅब हे औषध दिले असता पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून सुमारे ४३ टक्क्यांवर गेले. तेच औषध, त्याच आजारात, किरणांबरोबर पहिल्या दिवसापासून सुरू करून पाहिले तेव्हा अपेक्षित लाभ दिसला नाही. डोके व मानेच्या कर्करोगात ॲवेलुमॅब हे याच प्रकारचे औषध किरणांच्या सोबतीने देण्याचा मोठा प्रयोगही २०२० मध्ये निष्फळ ठरल्याचे जाहीर झाले. मानेतील लसिकाग्रंथींवर किरण पडल्यामुळे टी-पेशींची पाठशाळाच बंद पडत असावी, असा अनेक तज्ज्ञांचा कयास आहे. तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग घरोघरी ठाऊक झालेल्या आपल्या भागाला हा कयास विशेष महत्त्वाचा वाटावा.

अशी औषधे महाग, हा आणखी एक अडसर. त्यावर टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी एक वाट शोधली. किरण वा शस्त्रक्रियेने बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या डोके व मानेच्या कर्करोगात त्यांनी निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम दिले. प्रचलित मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम आहे. तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांना ही अल्प मात्रा जोडल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले.

मग आकडा घसरला म्हणून किरण थांबवावेत काय? मुळीच नाही. डोके व मानेच्या कर्करोगात उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसागणिक आजार आटोक्यात येण्याची शक्यता एखाद्या टक्क्याने घटते, हे दीर्घकाळ ज्ञात आहे. लिम्फोसाइट कमी झाल्या तरी उपचारानंतर काही महिन्यांत त्या सहसा वाढू लागतात, काहींमध्ये याला अधिक काळ लागतो. या अवधीत नागीण वा अन्य संसर्ग होऊ शकतात, म्हणून ताप १००.४ अंशांवर गेला तर घरच्या गोळीवर वेळ न काढता रुग्णालयाला कळवावे. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे आणि चूर्णे डॉक्टरांना न सांगता घेणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, किमो चालू असताना यकृतावर जादा भार टाकण्यात शहाणपण नाही.

किरण देण्याची पद्धत मात्र बदलते आहे. दिवस कमी केले की झोतातून जाणारे रक्तही कमी होते. स्तनाच्या कर्करोगात पाच आठवड्यांचा उपचार पूर्वीच तीन आठवड्यांवर आला. २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासाने पाच दिवसांत २६ ग्रे देणेही पाच वर्षांच्या पाहणीत तितकेच परिणामकारक असल्याचे दाखवले. ही पद्धत प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाही, पण आपल्याला ती चालेल का, हे विचारायला हरकत नाही. डोंबिवलीहून जलद लोकलने दादर आणि तिथून धीम्या गाडीने परळ गाठणाऱ्या स्त्रीचे पंधरा दिवसांचे हेलपाटे पाचांवर येतात. (लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो, हे अजूनही अनेकांना माहीत नसते.) दुसरा मार्ग प्रोटॉन झोताचा. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात, त्यामुळे गाठीपलीकडील रक्त, अस्थिमज्जा व मोठ्या वाहिन्या बऱ्याच अंशी वाचतात. अन्ननलिकेच्या कर्करोगात प्रोटॉन घेतलेल्या रुग्णांमध्ये लिम्फोसाइटची घट कमी आढळली आहे. टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघर येथील संकुलात २०२३ पासून ही सुविधा आहे, आणि ठाण्याहून पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल खारघरला थांबते.