२६९ चौरस फुटांचं घर, घरच्यांनीच उभारलेलं

अमेरिकेत सध्या ‘टायनी हाऊस’ची हौस आहे. तिथल्या आदर्श बांधकाम नियमावलीनं त्याची व्याख्याच केली: पोटमाळा सोडून ४०० चौरस फूट किंवा त्याहून लहान. पारनेर तालुक्यातल्या सुप्यात हे कुणाला सांगितलं, तर हसूच येईल.

कारण सरकारी घरकुलाचं किमान क्षेत्रफळच २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट आहे. स्वयंपाकाची जागाही त्यातच! २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजारांचं अर्थसाहाय्य ठरलं. त्यातली खरी गंमत नियमात आहे. ठेकेदार नेमायचा नाही, घर कुटुंबानंच उभं करायचं. गवंडी लावता येतो, पण वाळू चाळायला आणि विटांवर पाणी मारायला घरचीच माणसं. रोजगार हमीतून साधारण ९० दिवसांची मजुरीही मिळते. स्वतःच्या घरावर राबायचं आणि रोजही घ्यायचा! हप्ते मात्र कामाचे फोटो चढवल्यावरच.

या अवर्षणी पट्ट्याला हे नवं नाही. जुनी माळवदाची घरंही अशीच उभी राहायची: दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचे थर आणि शेवटी पांढरी माती. पाऊस कमी, म्हणून सपाट धाबं चालून जाई. उन्हाळ्यात आत गारवा, आणि रात्री अख्खं घर झोपायला धाब्यावर.