जपानी भाषेतील चहापाणी

चेन्नईजवळ ओरगडम व श्रीपेरुंबुदूर या भागांत जपानी उद्योग येऊन स्थिरावले. निस्सान व रेनो यांचा मोटारींचा कारखाना ओरगडम येथे २०१० साली सुरू झाला. जपानमध्ये प्रशिक्षण घेऊन परतलेल्या मंडळींची ‘एबीके-एओटीएस दोसोकाई’ ही संस्था या शहरात जपानी भाषेचे वर्ग चालविते. नोकरीनिमित्त तेथे राहणारा मराठी तरुण अशा वर्गात दाखल झाला, की एखादी वस्तू मागावी कशी, हे त्याला लवकरच शिकावे लागते; आणि माणूस प्रथम मागतो ते चहापाणीच.

चहाचे नाव त्याला परके वाटत नाही. ‘चा’ हा चिनी शब्द जपानीने जवळजवळ तसाच ठेविला, मराठीने त्याचा ‘चहा’ केला. तमिळ ‘तेनीर’ मात्र चीनमधल्याच दुसऱ्या, ‘ते’ या उच्चारावरून आले. परंतु नावाचे हे साम्य फसवे आहे. ‘ओचा’ मागितला असता पुढे येतो तो हिरवा, दूध-साखर नसलेला चहा. आपल्या परिचयाचा काळा चहा म्हणजे ‘कोओचा’, शब्दशः तांबडा चहा. कॉफीचे ‘कोही’ झाले ते डच व्यापाऱ्यांच्या शब्दावरून.

खरी अडचण पाण्याची. ‘मिझु’ म्हणजे थंड पाणी. मराठी माणूस सवयीने त्यास ‘गरम’ हे विशेषण जोडू पाहतो, पण जपानी कानाला ते विचित्र वाटते. गरम पाण्याला ‘ओयु’ हा स्वतंत्र शब्द आहे. परमुलखात ताप आलेल्या माणसाला औषधाबरोबर बर्फाचे पाणी नको असेल, तर हा शब्द त्याच्या जिभेवर हवाच. येथे तमिळ मदतीस येते. तीत ‘वेन्नीर’ म्हणजे गरम पाणी. आणि रोजचे ‘तण्णीर’ मुळात ‘थंड नीर’च होय. मराठीत फार तर ‘आधण’ आठवावे, पण ते चुलीवरचे.

वाक्यरचना मात्र घरचीच. ‘कोही ओ फुतात्सु कुदासाई’ म्हणजे ‘कॉफी दोन द्या’. ‘ओ’ हा कर्माचा प्रत्यय, क्रियापद शेवटी. ‘कुदासाई’त ‘दे’ नसून ‘द्या’ आहे. तमिळमध्ये ‘कोडु’ व ‘कोडुंगळ’ यांत हाच भेद. पेले मोजताना ‘इप्पाइ, निहाइ, साम्बाइ’ आणि बाटल्या मोजताना ‘इप्पोन, निहोन, साम्बोन’ अशी रूपे पालटतात. नवशिक्याने त्यांत न गुंतता ‘हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु’ ही एक, दोन, तीनची रूपे पाठ करावीत. उपाहारगृहात तेवढ्यावर सुखाने भागते.

नकाराचे काय? ‘केक्को देसु’ याचा अर्थ ‘उत्तम आहे’. पण पेला भरू पाहणाऱ्या यजमानास तो ‘आता पुरे’ असा कळतो. ते कळणे बरेचसे स्वरावर व हाताच्या खुणेवर अवलंबून. मद्य न घेणाऱ्याने अशी संदिग्धता ठेवू नये. ‘ओसाके वा नोमिमासेन’, म्हणजे ‘मी मद्य पीत नाही’, असे स्पष्ट सांगावे आणि लागलीच ‘ओचा ओ कुदासाई’ म्हणावे. यजमानाला काहीतरी देता आल्याचे समाधान मिळते आणि बैठकीतून उठावे लागत नाही.