‘एकटा जीव’ : विनोदी नटाच्या आत्मकथनातील दुःखाचे स्वरूप

मराठी आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी काही ठरावीक प्रवाहांवर स्थिरावलेली दिसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’सारखी स्त्रियांची आत्मकथने, दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) ज्यांना वाट मोकळी करून दिली ती दलित आत्मकथने, तसेच समाजसेवक व साहित्यिक यांची आत्मचरित्रे यांवर विपुल लेखन झाले आहे. नटांची आत्मचरित्रे मात्र ग्रंथालयातून आवडीने वाचली जातात आणि अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेर राहतात. त्यातही नट विनोदी असेल आणि त्याचा विनोद द्वयर्थी म्हणून ओळखला जात असेल, तर समीक्षकाला संकोच वाटतो. दादा कोंडके यांचे अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेले ‘एकटा जीव’ हे आत्मकथन या संकोचाचे ठळक उदाहरण होय. लोकांना हसविणे हाच ज्याचा व्यवसाय, तो स्वतःचे दुःख कोणत्या रीतीने सांगतो, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

प्रथम शीर्षकाकडे पाहावे. ‘एकटा जीव सदाशिव’ ही मराठीतील रूढ म्हण. मागे-पुढे कोणी नसलेल्या, म्हणूनच निश्चिंत असलेल्या माणसाविषयी ती काहीशा थट्टेने वापरली जाते. दादांच्या १९७२ सालच्या चित्रपटाचे नाव हेच होते. आत्मकथनाच्या शीर्षकात मात्र ‘सदाशिव’ गळून पडला आहे. म्हणीतील थट्टा, तिचा तो यमकाचा झोका, ‘सदाशिव’ या शब्दात आहे. तो वगळल्यावर उरतो तो केवळ एकटेपणा. शीर्षक कोणी व कसे सुचविले हा मुद्दा गौण आहे. पण पडद्यावरील दादा आणि पुस्तकातील दादा यांच्यातील अंतर या एका गाळलेल्या शब्दात सामावले आहे, असे म्हणावे लागते.

कृष्णा खंडेराव कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईत नायगाव येथे झाला. कुटुंब मूळचे भोरजवळच्या इंगवली गावचे, उपजीविका गिरणीवर. गिरणगावातील चाळ, मारामाऱ्या, बँडपथक, अपना बाजारमधील तुटपुंज्या पगाराची नोकरी आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक हा त्यांच्या घडणीचा क्रम होय. याच वाटेवर अल्पावधीत घरातील अनेक जिवलगांचे मृत्यू झाले. पुढे संसारही टिकला नाही. या मृत्यूंच्या काळातील मनःस्थितीविषयी दादांनी जे सांगितले आहे त्याचा आशय असा की, बोलणे व खाणेपिणे सुटले होते आणि लोकांना हसविण्यात मन गुंतवून त्यांनी ते विचार दूर सारले.

हे विधान सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही. ‘विनोदामागे अश्रू असतात’ हे वाक्य आपल्याकडे इतके घासले गेले आहे की त्याला आता काहीच अर्थ उरलेला नाही. दादांचे म्हणणे निराळे आहे. येथे विनोद दुःखावरील पडदाही नाही आणि दुःखाचे फळही नाही. तो रोजचे काम आहे. गिरणीचा भोंगा झाला की खात्यावर हजर व्हावे तसे.

हे काम कोणत्या प्रकारचे होते? तमाशातील सोंगाड्याचे. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमात सोंगाड्याला आयती वाक्ये क्वचितच मिळतात. समोरचा प्रेक्षक, गावातील ताजी भानगड, त्या दिवशीची बातमी यांतून त्याला उभ्या उभ्या विनोद काढावा लागतो. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्यात दादांनी हवालदाराची भूमिका याच पद्धतीने रंगविली आणि त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. पाठ केलेले नाटक दुःखी नट सवयीनेही निभावून नेऊ शकतो. हजरजबाबी विनोदाला मात्र मन पूर्णपणे जागे लागते. त्यामुळे शोकाला निदान त्या दोन-तीन तासांत कोठे जागाच राहत नाही. दादांना कामाचा आधार का वाटला, याचे उत्तर स्वभावापेक्षा या कलाप्रकाराच्या बांधणीत अधिक सापडते.

तमाशाच्या फडाचा हा जुनाच धर्म आहे. प्रयोग चालू असताना कळा सुरू झाल्या, राहुटीत बाळंतपण झाले आणि विठाबाई नारायणगावकर पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिचे कौतुक करताना, थांबण्याची मुभा नसणे यालाच आपण निष्ठा म्हणतो आहोत काय, हेही तपासले पाहिजे.

या संदर्भात चार्ली चॅप्लिनच्या १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राशी तुलना उद्‌बोधक ठरते. १८९४ मध्ये ऑल्डरशॉट येथे गाताना आईचा आवाज फुटला आणि पाच वर्षांच्या चार्लीला रंगमंचावर ढकलण्यात आले. प्रेक्षकांनी पैसे फेकताच गाणे थांबवून तो ते वेचू लागला आणि हशा झाला. पुढे त्याने भाबडेपणाने आईच्या फुटक्या आवाजाचीही नक्कल केली आणि हशा वाढला. चॅप्लिनने बालपणातील हे दारिद्र्य आणि आईची परवड पुढे ‘द किड’सारख्या चित्रपटांतून विनोदाच्या शेजारी उघडपणे बसविली. दादांनी तसे केले नाही. ‘सोंगाड्या’तील (१९७१) भोळ्या नाम्याला तमाशाच्या नादापायी आये घराबाहेर काढते खरी, परंतु रत्नमालांनी साकारलेली ती ‘आये’ प्रेक्षकांच्या मनात कायमची मायाळूच राहिली. चित्रपटामागून चित्रपटांत दादा कोणाचा तरी लाडका, वेंधळा लेक आहेत. सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची गिनीज बुकात नोंद झाल्याचा उल्लेख सर्वत्र होतो. त्या यशात या भरल्या घराचा वाटा किती, हे समीक्षेने फारसे पाहिले नाही. द्वयर्थी संवादांची चर्चा मात्र भरपूर झाली. जे घर पडद्यावर पुनःपुन्हा उभे राहिले, त्याचे रिकामेपण दादांनी पुस्तकासाठी राखून ठेवले.

‘एकटा जीव’ हे लिहिलेले नसून सांगितलेले आत्मकथन आहे, हा मुद्दाही महत्त्वाचा. शब्दांकित आत्मकथनात निवेदकाचा आवाज कोणता आणि शब्दांकनकाराची निवड कोणती, हे वेगळे काढणे अवघड असते. म्हणून अशा ग्रंथांना साधन म्हणून दुय्यम लेखण्याची प्रथा पडली. हा आक्षेप पूर्णतः निराधार नाही. सोंगाड्या सांगू लागला की किस्सा रंगविणारच. प्रत्येक तपशील पुरावा म्हणून स्वीकारता येणार नाही. तथापि बोलण्याच्या ओघात हुशारीने सजविलेल्या किश्शांमधून अचानक एखादे सपाट, बिनरंगाचे वाक्य येते, तेथे अभ्यासकाने थांबावयास हवे.

बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांना या प्रश्नाचे विशेष प्रयोजन आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले येथील वर्गांत बसतात. पट्टा पडेपर्यंत आई-बाप दूर आणि मुले आजी-आजोबांजवळ, हे अनेक घरांचे वास्तव आहे. या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी जत्रेतील तंबूत दादांचे चित्रपट पाहिले. त्यांना ‘आये’ची हाक केवळ विनोदी वाटली असेल, असे मानणे कठीण आहे. या घरांतून थळातील अपघात, वाटेतील मृत्यू, मुकादमाचे देणे हे सारे आजही बहुधा तोंडीच सांगितले जाते आणि कित्येकदा हसत सांगितले जाते. मराठीच्या पदवी वर्गाला प्रकल्प म्हणून घरातील वृद्धांचे कथन शब्दांकित करावयास द्यावे आणि त्यापूर्वी ‘एकटा जीव’मधील काही प्रकरणे वाचून घ्यावीत. विद्यार्थी बहुधा हसू गाळून केवळ दुःख टिपतील, कारण परीक्षेत तेच अपेक्षित असते असा त्यांचा समज असतो. सांगणारा कोणत्या वाक्याला हसला, याची नोंदही त्यांच्या वहीत झाली पाहिजे.